सोळा इंच बर्फ आणि मर्व्ह काकाची पिकअप

ऐक ब्रॉक, नुसतं ऐक! मध्ये एक शब्द बोलायचा नाही. तू तीन आठवडे गावात नव्हतास, तेवढ्यात लोकांनी तिखटमीठ लावून तुला काय काय सांगितलं असेल ते सगळं आधी डोक्यातून काढून टाक. खरं काय झालं ते फक्त मला माहितीये. म्हणजे मला आणि ब्रिटाला. आणि अग्निशमन दलाला. आणि चर्चला. बरं, अख्ख्या गावाला माहितीये, पण माझी बाजू कुणी विचारलीच नाही ना!

मुद्द्याचं पहिलं सांगतो. या टॉफ्ट तळ्यात भर हिवाळ्यात, बर्फाला भोक पाडून, कॅटफिश, म्हणजे शिंगाळा, काढणारा माणूस एकच. मी! हसतोस काय? बाकीचे सगळे काय करतात? बादलीवर बसतात, तळहाताएवढे चपटे मासे काढतात आणि त्यांचे फोटो असे जवळून घेतात की वाटावं मगर पकडली. शिंगाळ्याचं नाव काढलं की म्हणतात, "छे! मिशीवाले मासे हिवाळ्यात चिखलात झोपतात." झोपतात कसले! चर्चच्या तळघरात कॉफीच्या भांड्याभोवती म्हाताऱ्या जमतात ना, तसे ते तळातल्या सगळ्यात खोल खड्ड्यात जमतात. एकमेकांना खेटून. शेकड्यांनी! फक्त तो खड्डा सापडला पाहिजे. आणि मला तो सापडला होता. जुन्या ओढ्याचं वळण जिथे तळ्याखाली गेलंय तिथे. बावीस फूट खोल!

हे मी मर्व्ह काकाला फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला असेल? "बर्फातून शिंगाळा? मग मी झाडावरून बटाटे तोडून आणतो." एवढंच. आणि फोन बंद!

आता काका म्हटला की त्याची पिकअप आलीच. तू ती शंभरदा पाहिलीयेस, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी गाडी. रंग तपकिरी, पण उजवं दार हिरवं, कारण मूळचं दार एका हरणाने नेलं. आरशाला काकाने स्वतः कोरलेलं लाकडी बदक टांगलेलं. गाडी सुरू होताना आजोबा खोकतात तशी खोकते, पण एकदा सुरू झाली की घर ओढून नेईल! काका-काकू जानेवारीत ॲरिझोनाला ऊन खायला गेले तेव्हा काकाने माझ्या हातात किल्ली ठेवली, आणि हात सोडलाच नाही.

"दर तिसऱ्या दिवशी सुरू करायची," तो म्हणाला. "दर शनिवारी चार वाजता मला फोनवर दाखवायची. चारही बाजूंनी. एप्रिलमध्ये मी आलो आणि तिच्यावर एक ओरखडा नसला, तर गाडी तुझी."

"आणि असला तर?"

"तर ब्रिटाच्या नवऱ्याची."

"ब्रिटाचं लग्न कुठे झालंय?"

"होईल तोवर," काका म्हणाला आणि विमानतळाकडे निघाला.

ब्रिटा म्हणजे त्याची मुलगी, माझी चुलत बहीण. तुला चांगलीच माहितीये, तिने एकदा तुझ्या डोक्यावर दालचिनी रोल फोडला होता. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "मला नवरा शोधायला लागायलाच हवं. ही गाडी तुझ्याकडे एप्रिलपर्यंत धड राहत नाही."

मला ते लागलं! मी ठरवलं, बेत असा करायचा की बापलेक दोघांची तोंडं एका दमात बंद. शनिवारी सकाळी पिकअपने माझी मासेमारीची खोपटी बर्फावर ओढून न्यायची. दुपारपर्यंत शिंगाळे काढायचे. चार वाजता काकाचा फोन आला की एका हातात शिंगाळा, मागे बिनओरखड्याची पिकअप, आणि मध्ये मी! फ्रेम करून लावावा असा देखावा!

गाडी बर्फावर नेऊ नकोस असं काकाने म्हटलं नव्हतं, हे लक्षात घे. आणि माझ्या टोमॅटोने, म्हणजे माझ्या त्या छोट्या लाल गाडीने, ती खोपटी हलली नसती. तिने आधी प्रयत्न केला होता बिचारीने. चाकं गरगर फिरली, धूर निघाला, आणि खोपटीऐवजी मागचा बंपर निघून आला.

तर शनिवारी सकाळी सात वाजता, उणे अठरा, मी पिकअप घेऊन तळ्यावर. मागून ब्रिटा माझी टोमॅटो चालवत. "तू माझ्याबरोबर का नाही बसत?" म्हटलं, तर म्हणते, "बाबांच्या गाडीत बसून बर्फावर आले तर मी पण आरोपी होणार. मी साक्षीदार म्हणूनच बरी." तिने टोमॅटो किनाऱ्यावर लावली आणि चालत आली. मी पहिलं भोक पाडून बर्फ मोजला. सोळा इंच! सोळा इंचावर पिकअप काय, चर्चची सहल उभी राहील!

खोपटी जागेवर लावली, पिकअप चाळीस पावलांवर उभी केली, आणि किल्ली आतच ठेवली. ती ठेवायचीच असते! बर्फावर किल्ली खिशात घालून हिंडणारा माणूस बाहेरगावचा. बर्फ तडकला, कुणाला तुझी गाडी हलवावी लागली, तर तो तुझा खिसा शोधत बसणार का? म्हणजे इथपर्यंत माझं काही चुकलं? नाही! बोलू नकोस, मान हलव फक्त.

मग गिरमिट काढलं. एक भोक, मासे दाखवणारं यंत्र आत सोडायचं, बघायचं, काही नाही, पुढचं भोक. आठ, बारा, एकोणीस. ब्रिटा खोपटीत शेगडीपाशी बसून प्रत्येक भोकाला आकडा ओरडत होती. "चोवीस! अरे, तळं आहे की चाळणी!" आणि सव्विसाव्या भोकात, ब्रॉक, पडदा एकदम लाल! तळापासून चार फूट वरपर्यंत नुसते मासेच मासे! मला रडायलाच आलं. म्हणजे डोळ्यात पाणी आलं आणि लगेच गोठलं.

खोपटी सरकवून त्या भोकावर आणली. गळाला चमकता पत्र्याचा चमचा, चमच्याला छोट्या मासळीचं मुंडकं, आणि सोडलं खाली. शिंगाळा हिवाळ्यात धाडकन ओढत नाही. तो आधी वास घेतो, मग विचार करतो, मग सगळ्यांना विचारतो, मग हळूच तोंडात घेतो. गळाच्या काठीचं टोक एवढंसं वाकतं, डोळ्याच्या पापणीएवढं. तेव्हा झटका द्यायचा!

दिला! आणि खाली जणू कुणी सुटकेस भरून ओढतंय! सात मिनिटं झुंज! भोकातून आधी मिश्या वर आल्या, मग डोकं, आणि मग नऊ पौंडांचा शिंगाळा माझ्या मांडीवर!

"आई गं!" ब्रिटा ओरडली. "खरंच आहेत!"

"मग? मी काय सांगत होतो?"

"दे इकडे तो गळ!"

त्यानंतर आम्हाला जग दिसलं नाही. ती एक काढते, मी एक काढतो. काढला की खोपटीच्या फटीतून बाहेर बर्फावर टाकायचा, आत जागाच नव्हती. आणि साडेदहाच्या सुमाराला, माझ्या गळाला सगळ्यात मोठा लागलेला, दोरा सुंसुं वाजतोय, आणि दारावर थाप!

"कोण आहे?"

"हार्लन क्विस्ट!"

आपले अग्निशमन दलाचे चीफ. दारातून त्यांनी फक्त डोकं आत घातलं. खालून शिंगाळा मिश्या हलवतोय, वरून चीफ. कुणाच्या जास्त भरघोस, सांगणं कठीण.

"बाहेर ती तपकिरी पिकअप उभी आहे," ते म्हणाले. "हिरव्या दाराची. तीच ना ती?"

"तीच! तीच ती!" मी दोरा सांभाळत ओरडलो. "दुसरी आहे कुठे तशी!"

मला वाटलं, कौतुक करतायत. अर्धा जिल्हा त्या गाडीचं कौतुक करतो.

"किल्ली?"

"आतच आहे!"

"मग नेऊ? पोरं थांबलीत."

आता तूच सांग, बर्फावर कुणी गाडी मागितली तर त्याचा अर्थ काय? कुणाची तरी खोपटी बर्फात रुतलीय, ओढून काढायचीय. दर शनिवारी कुणाची ना कुणाची रुततेच. आणि ओढायला गाडी नाही म्हणणारा माणूस आपल्या गावात अजून जन्मलेला नाही. मी म्हटलं, "न्या की चीफ! विचारताय काय!"

"अंधार पडायच्या आत इथेच आणून लावतो."

"सावकाश आणा! काही घाई नाही!"

 चीफनी टोपी काढली. उणे अठरात! म्हणाले, "फार मोठं मन लागतं याला, कोल्बी. दल विसरणार नाही."

"अहो त्यात काय! अजून काही लागलं तर सांगा!"

डोकं गेलं, दार लागलं. ब्रिटा माझ्याकडे बघतेय. "टोपी का काढली त्यांनी?"

"सभ्य माणूस आहे."

"खोपटी ओढायला गाडी मागताना कुणी टोपी काढतं?"

"ब्रिटा, तुझी काठी बघ! वाकली!"

ती वाकली होती, म्हणून विषय तिथेच संपला. नाहीतर तेव्हाच, ब्रॉक, तेव्हाच मी बाहेर डोकावलो असतो!

सव्वातीन वाजता आम्ही दमून थांबलो. अकरा शिंगाळे! बाहेर पडलेले सगळे गोठून लाकूड झालेले, एकमेकांवर आपटले की खट्‌खट् वाजत होते. पिकअप आली नव्हती. मी म्हटलं, अंधाराच्या आत म्हणालेत, येईल. पण चारला काकाचा फोन! म्हणून मी सगळ्यात मोठा शिंगाळा बंदुकीसारखा खांद्यावर टाकला आणि आम्ही किनाऱ्याकडे निघालो, चीफना शोधायला.

धक्क्यावर ही गर्दी! मोठ्या पातेल्यातून चिलीच्या, त्या राजमा-खिम्याच्या रश्शाच्या, वाफा, टेबलावर दालचिनी रोल, पोरं घसरतायत, आणि मध्ये बर्फावर काय, तर बुडती गाडी! म्हणजे दलाने दरवर्षी बर्फावर उभं केलेलं ते भंगार. बर्फ वितळून ती कुठल्या दिवशी, किती वाजता खाली जाईल यावर पैजेची तिकिटं. गेल्या वर्षी तू एकवीस मार्च लिहिलं होतंस आणि ती वीसलाच गेली, आठवतंय? दोन दिवस जेवला नव्हतास. यंदाची गाडी एकदम झोकात होती. शाळेच्या रंगात, पिवळी धमक, त्यावर जांभळ्या अक्षरांत दोन्ही दारांवर लिहिलेलं: सांगा, मी कधी बुडणार? टपावर लाल झेंडा. मागे बेकरीची जाहिरात. बुडाल्यावर ओढून काढायला साखळीने ओकच्या झाडाला बांधलेली.

मी खूश! मी लगेच रांगेत. टेबलावर चीफच्या सूनबाई होत्या.

"कुठली तारीख?" त्यांनी विचारलं.

मी गाडीकडे जाणकारासारखं पाहिलं. आधीच मागून बसलेली, चाकांच्या वर गंज. म्हटलं, "लिहा बारा मार्च, सकाळी दहा. असला डबा बारा मार्चपर्यंत तरंगला तरी खूप झालं!"

मागचे लोक हसले. मला चढलं. मी म्हटलं, "कुठल्या कंजूस माणसाने दिली ही? याच्यापेक्षा माझ्या आजीची हातगाडी बरी!"

आणखी हसले. मी तिकीट खिशात घातलं, एक दालचिनी रोल तोंडात घातला, आणि ब्रिटा माझी बाही ओढतेय.

"कोल्बी."

"थांब, चिली घेतो."

"कोल्बी, त्या आरशाला बदक का लटकतंय?"

मी पाहिलं. लाकडी बदक. एक पंख जरा तिरका, कारण तो कोरताना काकाचं बोट कापलं होतं.

ब्रॉक, तो रोल माझ्या घशात कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही. मी शिंगाळा टाकून पळालो. नाही, टाकला नाही, घेऊनच पळालो! "चीफ! चीफ! ही गाडी कुणाची?"

"तुझीच की," चीफ हातातला ब्रश पुसत म्हणाले. "छान निघाली ना? उजव्या दाराला तीन हात द्यावे लागले. हिरवा फार हट्टी रंग."

"ही माझ्या काकाची आहे! ही बुडवायची नाहीये!"

चीफची मिशी खाली आली. "असं कसं? व्हर्जिल हॉगने सांगितलं होतं, तपकिरी पिकअप देतो, एका दाराचा रंग वेगळा, शनिवारी सकाळी बर्फावर नेऊन लावतो, किल्ली आतच असेल. आम्ही आलो तर अगदी तशीच उभी! तरी मी तुझ्याकडे येऊन विचारलं! म्हटलं तीच ना? तू म्हणालास तीच!"

"मला वाटलं, तुम्हाला खोपटी ओढायचीय! तुम्ही म्हणालात अंधाराच्या आत परत आणून लावतो!"

"मग आणून लावली की! बर्फावर!"

"आणि व्हर्जिलची कुठाय?"

"भंगारात गेली. सकाळी सुरूच झाली नाही म्हणे, म्हणून त्याने दुपारी भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकली. मला वाटलं, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीबद्दल बोलतोय."

मी कसंबसं विचारलं, "आतलं काय काय काढलंत?"

"पेट्रोल, तेल, पाणी, बॅटरी. तळं खराब होता कामा नये ना. इंजिन आता काढणारच होतो, पाने आणायला पाठवलंय."

म्हणजे मी दहा मिनिटं उशिरा आलो असतो तर ती गाडी नुसतं बदक उरली असती!

"परत द्या," मी म्हटलं.

चीफनी गर्दीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "देतो रे. तुझीच आहे ती. पण अर्ध्या गावाने तिकिटं घेतलीत. आज बर्फावर गाडी उभी राहिली नाही तर मी या सगळ्यांना काय सांगू? दलाला नवा पंप घ्यायचाय या तिकिटांतून. गेल्या महिन्यात नील्सनच्या कोठाराला आग लागली तेव्हा आम्ही बादल्या वापरल्या, पोरा."

आणि बरोबर चार वाजता माझा खिसा वाजला. मर्व्ह काका!

"घेऊ नकोस," ब्रिटा म्हणाली.

"नाही घेतला तर पुढच्या विमानाने येईल तो!"

मी घेतला. पडद्यावर काका, मागे निवडुंग, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी लगेच शिंगाळा कॅमेऱ्यासमोर धरला, असा की मागचं काही म्हणजे काही दिसू नये.

"काका! बघ! शिंगाळा! बर्फातून!"

"हं," काका म्हणाला. "गाडी दाखव."

"आधी मिश्या तर बघ त्याच्या!"

"गाडी."

मी शिंगाळा तसाच धरून खाली वाकलो आणि पुढचं चाक दाखवलं. चाकं त्यांनी रंगवली नव्हती. काका म्हणाला, "हे चाक. आता वर." मी दुसरं चाक दाखवलं. "वर," काका म्हणाला. मी तिसरं दाखवलं. गर्दी माझ्यामागून फिरतेय. चौथं चाक दाखवताना कुणीतरी विचारलं, "हा चाकांचे फोटो का काढतोय?" आणि दुसरा म्हणाला, "तारीख काढत असेल!"

"कोल्बी," फोनमधून आवाज आला, "हे लोक कोण आहेत? आणि तो मासा खाली घे."

हात दुखायला लागलेच होते, ब्रॉक. एवढा मोठा गोठलेला मासा किती वेळ धरणार? खाली आला.

काकाला सगळं दिसलं. पिवळा रंग. जांभळी अक्षरं. झेंडा. साखळी.  ॲरिझोनात कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग काकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "हे... वेगळंच दिसतंय."

वेगळंच! तुला आमचं घराणं माहितीये. आमच्याकडे याच्यापुढे शिवी नाही! आजोबांची गाय वीज पडून मेली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते!

आणि त्या क्षणी मला काय झालं देव जाणे. समोर काका, मागे गाव, बाजूला चीफ, हातात मासा. मी छाती पुढे काढली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, काळजी नको! तुझी पिकअप बुडणार नाही! हिच्या जागी माझी गाडी उभी राहील!"

आणि किनाऱ्यावरच्या टोमॅटोकडे हात केला.

आणि लगेच टाळ्या! काय टाळ्या, ब्रॉक! पाद्रीबुवा पण टाळ्या वाजवत होते! चीफनी पुन्हा टोपी काढली. चीफच्या सूनबाईंनी डोळे पुसले. दलाची पोरं टोमॅटोकडे धावली सुद्धा, मी वाक्य संपवायच्या आत बॉनेट उघडं! मला इतकं बरं वाटत होतं, की मी निवडणुकीला उभा राहिलो असतो.

"कोल्बी," काका फोनमधून म्हणत होता. "ए कोल्बी! ऐकतोस का?"

"बोल काका! आभार नको मानूस!"

"अरे गाढवा, शेडमागे तुझ्या काकूची जुनी स्टेशनवॅगन सडतेय. ती घेऊन जा, ती घेऊन जा म्हणून मी सहा वर्षं हार्लनच्या मागे लागलोय. ती का नाही दिलीस?"

मी चीफकडे पाहिलं. चीफनी कपाळावर हात मारला. "अरे हो की! मर्व्हची वॅगन!"

"मग तीच घ्या ना!" मी म्हटलं. "थांबवा त्यांना!"

तोवर टोमॅटोचं पेट्रोल एका बादलीत होतं, बॅटरी ब्रिटाच्या पायाशी, आणि एक दार पिवळं. चीफ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, टाळ्या वाजल्या आता. टाळ्या वाजल्यावर परत कसं मागतोस?"

आणि खरंय रे. कुठल्या तोंडाने मागणार?

"काका," मी हळूच विचारलं, "मग पिकअपचं काय? तू ओरखडा म्हणाला होतास. हा काही ओरखडा नाही. हा रंग आहे."

 काकाच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. "गाडी तुझी," तो म्हणाला. "पण एक अट. रंग काढायचा नाही. मी येऊन डोळ्यांनी बघेपर्यंत एक अक्षर पुसायचं नाही. आणि हार्लनला सांग, माझं एक तिकीट लिही. त्या लाल डबीवर. एकोणीस मार्च, दुपारी अडीच."

ब्रिटा इतकी हसली की ती बर्फावर बसली. उठायला तिला दोघे लागले.

म्हणून ही गाडी अशी आहे, ब्रॉक! तीन आठवडे मी कामावर यातून जातोय. सिग्नलला थांबलो की शेजारचा काच खाली करून विचारतो, "अजून बुडाली नाहीस?" काल पेट्रोलपंपावर एक म्हातारी मला तारीख सांगून गेली. आणि टोमॅटो तिकडे बर्फावर उभी, पोटात इंजिन नाही, टपावर झेंडा. मी रोज सकाळी तिला बघायला जातो. खिशात माझं तिकीट, बारा मार्च सकाळी दहा. आता मी देवाला काय मागायचं? बुडू दे म्हणू की नको म्हणू?

तरी ते सगळं मी सोसलं असतं. खरा घाव पुढेच आहे. फोन ठेवायच्या आधी काका म्हणाला, "आणि तो मासा."

माझा चेहरा उजळला! "बघितलास ना? बर्फातून! सव्विसावं भोक!"

"लाकडासारखा कडक आहे," काका म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यातला दिसतोय. फ्रीजरमधून काढलास ना?"

आणि फोन बंद!

अरे उणे अठरात बाहेर टाकलेला मासा मऊ कसा राहील! मी ब्रिटाला म्हटलं, सांग तुझ्या बापाला, तू स्वतः पाच काढलेस! तर ती म्हणते, "मी साक्षीदार आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही." गावाने माझी गाडी घेतली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, पण त्या फोटोखाली लिहिलं काय? "फ्रीजरवाला कोल्बी"! अकरा शिंगाळे, ब्रॉक! अकरा! आणि मानायला एकसुद्धा तयार नाही!

तू तरी मानतोस ना? मग हसतोस काय? आणि खिशात काय लपवतोयस? दाखव! तिकीट? माझ्या टोमॅटोवर? तू पण? बरं, ते खाली ठेव, माझ्या डोळ्यांत बघ आणि खरं सांग: खोपटीच्या दारात चीफचं डोकं, गळाला तळ्यातला सगळ्यात मोठा शिंगाळा, आणि ते विचारतायत, "तीच ना ती?" तू माझ्या जागी असतास, तर काय केलं असतंस?